घरी मामा, कॉलेजात सर: गेलेल्या माणसाची शोकसभा आणि स्मरणिका

प्रश्न थोडक्यात असा. इंदूरच्या एका खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयात मामा आणि भाचा एकाच विद्युत विभागात. मामा विभागप्रमुख, भाचा १४ वर्षं त्यांच्या हाताखाली. बारा दिवसांपूर्वी मामा गेले. उठावना (इकडची सांत्वनाची बैठक) झाला, दहावा झाला, उद्या तेरावा. पुढच्या शनिवारी कॉलेजची शोकसभा आहे आणि तिथे भाच्याने बोलावं असा सगळ्यांचा आग्रह आहे. वर्षश्राद्धाला स्मरणिका काढायचं घरात ठरलंय, तेही काम आपसूक त्यांच्याच गळ्यात आलंय. ते लिहितात, "कॉलेजात मामा म्हणजे मैफल. थंडी पडली की अख्ख्या विभागाला रात्री सराफ्यात, तिथल्या खाऊगल्लीत, गराडू (तळलेला कंद) खायला घेऊन जायचे. एरवी घरी हाच माणूस साडेनऊला दिवा मालवायचा, रविवारी गल्लीतल्या लोकांचे मिक्सर दुरुस्त करत बसायचा आणि फार बोलायचा नाही. भेटायला येणारे ज्या माणसाबद्दल बोलतात तो मामींना अर्धा अनोळखी आहे. मी काय बोलू, काय लिहू, सुरुवात कुठून करू?"

सुरुवात तुम्हीच लिहून ठेवली आहे. मामींना तो माणूस अर्धा अनोळखी, आणि कॉलेजवाल्यांना उरलेला अर्धा. दोन्ही घरांत वावर असलेले तुम्ही एकटे. मामांची थोरवी सांगायला शंभर जण आहेत आणि ते सांगणारच आहेत. तुमचं काम तिकडचं इकडे आणि इकडचं तिकडे पोचवण्याचं. भाषण असो की स्मरणिकेतला लेख, अडलात की एवढंच विचारा: समोर बसलेल्यांना यातलं काय माहीत नाही? सराफ्याची गोष्ट कॉलेजात सांगू नका, ते गराडू त्यांनी स्वतः खाल्लेत. कॉलेजात मिक्सर सांगा. सराफा घरी सांगा.

पण त्याआधी एक तातडीचं काम आहे, आणि ते बहुतेकांचं राहून जातं. मामांचा फोन. पहिल्या महिन्याभरात कोणीतरी "पडूनच आहे" म्हणून तो भाचेजावयाला वापरायला देतं, तो फॉरमॅट करतो, आणि आवाज जातो. फोटो शंभर ठिकाणी सापडतील, आवाज सापडत नाही. म्हणून मामींना विचारून, त्यांच्या समोर बसून, हे करा. सिमवर छोटा रिचार्ज मारून ठेवा. प्रीपेड नंबर ९० दिवस अजिबात वापरला नाही तर बंद होऊ शकतो आणि पुढे दुसऱ्या कोणाला मिळू शकतो. व्हॉट्सॲपचं खातंही १२० दिवस वापर नसेल तर पुसलं जातं. त्यानंतर केबल लावून फोनमधलं व्हॉट्सॲपचं मीडिया फोल्डर जसंच्या तसं लॅपटॉपवर उतरवा. नुसत्या ‘चॅट एक्स्पोर्ट’वर विसंबू नका, मीडियासकट एक्स्पोर्ट केलं तर साधारण शेवटचे १०,००० संदेशच येतात. अँड्रॉइडवर व्हॉइस नोट्सचं वेगळं फोल्डर असतं आणि त्यातल्या फाइलच्या नावातच तारीख असते, त्यामुळे वर्षवार लावायला त्रास पडत नाही. त्या फोल्डरमध्ये आलेले आणि पाठवलेले आवाज एकत्र असतात. मामांचे तेवढे निवडायला दोन संध्याकाळी जातील.

याच कामाची दुसरी बाजू म्हणजे विभागाच्या ग्रुपमधल्या लोकांना सांगा की सरांच्या व्हॉइस नोट्स पुसू नका, मला पाठवा, आणि ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. "कल की लैब दस बजे नहीं, साढ़े नौ बजे" असली अकरा सेकंदांची नोटसुद्धा ठेवा. सहा महिन्यांनी मामी ऐकतील ती बहुधा तीच. फक्त एक पथ्य. आवाज आणि फोटो घ्या, संभाषणं वाचत बसू नका. प्रत्येकाच्या फोनमध्ये दुसऱ्यांनी विश्वासाने सांगितलेल्या गोष्टी असतात आणि त्या तुमच्या नाहीत.

आता शनिवारची सभा. ती पाऊण तासाच्या वर जाऊ देऊ नका. शोकसभा बिघडते ती वक्त्यांच्या संख्येने. लोकप्रिय माणसाच्या बाबतीत तर हमखास, कारण प्रत्येकाला आपण जवळचे होतो हे सांगायचं असतं. सहा वक्ते, प्रत्येकी तीन मिनिटं, आणि नावं आदल्या दिवशी ठरलेली. "आणखी कोणाला दोन शब्द बोलायचे आहेत का?" हे वाक्य सूत्रसंचालकाच्या कागदावर असताच कामा नये. सहांत एक प्रयोगशाळेतला सहायक किंवा शिपाई हवा, ज्याला आपल्याकडे सरकारी हिंदीत भृत्य म्हणतात. एक माजी विद्यार्थी हवा. संचालकमंडळातल्या कोणाला बोलवावं लागलं तर पहिल्यांदा बोलू द्या, शेवटी नको. शेवटच्या जागेवर औपचारिक भाषण आलं की सभा हवेत विरते. तुम्ही पाचवे बोला. सहावा तो सहायक असू द्या.

शोक प्रस्ताव हा सभेतला सगळ्यांत दुर्लक्षित कागद. तो सहसा कार्यालयातला बाबू मागच्या वेळच्या फाइलवरून नाव बदलून काढतो आणि कधीकधी नाव बदलायचंही एखाद्या जागी राहून जातं. तो मसुदा तुम्हीच करा. मामा सही करताना लिहीत तसं पूर्ण नाव, रुजू झाल्याची तारीख, कोणत्या पदावर किती साल ते किती साल, कोणते विषय शिकवले, विभागात त्यांच्या हातून उभं राहिलेलं एखादं काम आणि निधनाची तारीख. तारखा आस्थापना विभागाच्या नोंदवहीतून घ्या, आठवणीतून नको. ‘अपूरणीय क्षति’ एकदा लिहिलं की पुरे. ठराव झाला की सही-शिक्क्याची प्रत लिफाफ्यात घालून मामींच्या हातात द्यायची आहे, हे प्राचार्यांना आधीच सांगा, नाहीतर तो कागद फाइलमध्येच राहतो. स्मरणिकेतली जीवनरेखा याच कागदावरून बनेल, तेव्हा इथे केलेली मेहनत दोनदा उपयोगी पडते.

फोटोबद्दल: ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून लावू नका, चेहरा फुटतो आणि माणूस कैद्यासारखा दिसतो. १२ बाय १८ इंचांच्या फोटोसाठी फाइल निदान २४०० बाय ३६०० पिक्सेलची हवी. व्हॉट्सॲपवरून साधा आलेला फोटो याच्या निम्म्याहूनही कमी भरतो. ज्याने काढला त्याच्याकडून मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून मागवा. हसरा फोटो चालतो. घरातल्या ज्येष्ठांना तो खटकला तर घरी गंभीर लावा, कॉलेजात हसरा.

तुमचं भाषण. तीन मिनिटं म्हणजे सावकाश वाचून तीनशेच्या आसपास शब्द, फुलस्केपचं एक पान. कॉलेजात हिंदीतच बोला, कारण समोरचे निम्म्याहून अधिक लोक मराठी नाहीत आणि मामाही त्यांच्याशी हिंदीतच बोलत असणार. पहिला प्रश्न संबोधनाचा. १४ वर्षं तुम्ही तिथे ‘सर’ म्हणालात. पूर्ण भाषणभर ‘मामा, मामा’ केलंत तर विभागातल्या बाकीच्यांना वाटतं हा आपल्यावर नात्याचा हक्क सांगतोय. पूर्ण भाषणभर ‘सर’ म्हणालात तर ते खोटं वाटतं, कारण नातं सगळ्यांना ठाऊक आहे. एकदाच, सुरुवातीला, मोकळेपणाने सांगून टाका: "गेट के अंदर मैं उन्हें सर कहता था, गेट के बाहर मामा. आज एक बात गेट के बाहर की बताता हूँ." आणि मग मिक्सर.

तो मिक्सर मात्र नीट सांगा. ‘शेजाऱ्यांना मदत करायचे’ यात काही नाही. रविवारी किती वाजता बसायचे, कुठे बसायचे, ओटीवर की गच्चीवर, खाली वर्तमानपत्र अंथरायचे की जुनी चादर. झिजलेला रबरी कपलर बदलायला दोन मिनिटं लागतात, तो उलट्या आट्याचा असतो आणि लोक जोर लावून तोडतात. मामा तो कसा काढायचे? कार्बन ब्रश संपला असेल तर पैसे घ्यायचे का, की पदरचा घालायचे? ज्यांनी त्यांना विद्युत यंत्रं शिकवताना पाहिलं त्यांना या एका तपशिलात वर्गातला माणूसच पुन्हा भेटतो, आणि ते तुम्हाला मुद्दाम सांगावं लागत नाही. तुम्ही फक्त ओटीवर न्या.

रडू येण्याची भीती लिहिली नाहीत, पण ती असणारच. आवाज बहुधा दुःखाच्या वाक्यावर फुटत नाही, तो पहिल्या जिव्हाळ्याच्या शब्दावर फुटतो. म्हणून पहिली दोन वाक्यं कोरडी ठेवा, तारखांची, पदाची. कागदावर मोठ्या अक्षरांत, १६ पॉइंटला, एका ओळीत एक श्वास एवढंच लिहा, पानाच्या एकाच बाजूला. घरी तीनदा मोठ्याने वाचा. ज्या शब्दावर दरवेळी गळा दाटतो तो बदला किंवा त्याआधी पाण्याचा घोट घ्यायची खूण करा. आणि एका सहकाऱ्याकडे दुसरी प्रत द्या, जेणेकरून थांबलात तर तो उठून पुढे वाचेल. हे ठरलेलं असलं की सहसा वेळ येत नाही.

तेराव्याबद्दल फार काही नाही. जेवणानंतर माणसं निघायच्या घाईत असतात, तिथे भाषण नको. कॉलेजातले दोघे-तिघे येतील त्यांना मामींजवळ दहा मिनिटं बसवा आणि सराफ्याबद्दल विचारा. पुण्या-मुंबईच्या नातलगांना मात्र यापुढे वेगळा संदेश करत जा. उठावना म्हणजे नेमकं काय आणि त्याला यायचं की तेराव्याला, याचा तिकडे गोंधळ होतो. इकडचे लोक हिंदी वर्तमानपत्रातली सूचना वाचून येतात, तिकडच्यांना तिथी आणि वार सांगावे लागतात.

स्मरणिकेकडे येऊ. पहिली चूक तारखेची होते. वर्षश्राद्ध तिथीने, आणि चांद्र वर्ष ३५४ दिवसांचं, त्यामुळे ते इंग्रजी तारखेच्या सुमारे ११ दिवस आधी येतं. मध्ये अधिक महिना पडला तर उलट १९-२० दिवस पुढे जाऊ शकतं आणि त्यात कुलाचाराप्रमाणे फरकही असतो. गुरुजींकडून तारीख काढून घ्या आणि तिच्या दोन महिने आधी मजकूर प्रेसमध्ये गेलेला असेल असा हिशेब धरा. म्हणजे तुमच्या हातात बारा नाहीत, जेमतेम दहा महिने आहेत. पहिले सहा मजकूर जमवण्यात जातात.

"सरांच्या आठवणी लिहून पाठवा" असा संदेश टाकलात तर चाळीसजणांना जाईल, पंधरांचं येईल, आणि त्या पंधरांत ‘हसतमुख’, ‘मनमिळाऊ’, ‘दिलदार’ आणि ‘अजातशत्रू’ हे चार शब्द फिरून फिरून येतील. दोष लिहिणाऱ्यांचा नाही. ज्याच्या असण्याने खोली भरायची त्या माणसाबद्दल लिहिताना विशेषणंच आधी सुचतात, कारण जे घडायचं ते हवेत घडायचं. म्हणून आठवण मागू नका, तीन प्रश्न विचारा, प्रत्येकाला स्वतंत्रपणे. एक, त्यांच्या तोंडचं एखादं वाक्य, जसंच्या तसं, ज्या भाषेत होतं त्या भाषेत. दोन, त्यांच्याकडून शिकलेली हाताची एक गोष्ट, म्हणजे फळ्यावर आकृती काढण्याची पद्धत, तपासताना पेपरवर करायची खूण, जोडणी सुरू करण्याआधी काय बघायचं ते. तीन, तुमचं त्यांच्याशी एकदा तरी कशावरून पटलं नव्हतं? तिसऱ्या प्रश्नाला निम्मे लोक उत्तर देत नाहीत. जे देतात त्यांचे लेख सगळ्यांत चांगले निघतात. मर्यादा ४०० शब्द आणि अंतिम तारीख खऱ्या तारखेच्या तीन आठवडे अलीकडची. हाताने लिहून फोटो पाठवला तरी चालेल हे मुद्दाम लिहा, नाहीतर साठीपुढचे लोक टायपिंगच्या धास्तीने गप्प बसतात.

दुसऱ्या प्रश्नाला इंदुरात मोठी परंपरा आहे. देवळालीकर मास्तरांनी १९२७ मध्ये इथे चित्रकलेची शाळा काढली. त्यांचं नाव आज निघतं ते चित्रकार बेंद्रे आणि हुसेन यांच्या नावांसोबत, हे त्यांच्याकडे शिकले म्हणून. मामांच्या विद्यार्थ्यांत कोणी हुसेन नसेल, पण पिथमपूरच्या एखाद्या कारखान्यात आजही कोणीतरी मीटर लावण्याआधी मामांनी सांगितलेली तपासणी करत असेल. त्याला शोधा. माजी विद्यार्थ्यांच्या यादीतून प्रत्येक पाच वर्षांच्या टप्प्यातले दोघे निवडा, सगळ्यांना सरसकट विचारू नका. अलीकडच्या बॅचची गर्दी होते आणि पहिल्या दहा वर्षांचे मामा हरवतात.

जे लिहिणार नाहीत त्यांच्याशी बोला आणि रेकॉर्ड करा: मामी, मामांची थोरली बहीण, जुना प्रयोगशाळा सहायक, ज्या दुकानातून मिक्सरचे सुटे भाग यायचे तो दुकानदार. एका वेळी एकच माणूस, चाळीस मिनिटं, दुपारची झोप झाल्यावर. पंखा बंद करा. कानाला जाणवत नाही पण रेकॉर्डिंगमध्ये पंखा शब्द खाऊन टाकतो. फोन विमान मोडवर टाकून घडी केलेल्या रुमालावर ठेवा, बोलणाऱ्यापासून वीतभर अंतरावर. टेबलावर नुसता ठेवला तर कपबशीचा प्रत्येक आवाज घण घातल्यासारखा येतो. प्रश्नाऐवजी वस्तू पुढे करा. "मामा कसे होते?" याला मामी म्हणतील, "चांगले होते." सुट्या भागांचा डबा समोर ठेवलात तर त्या सांगतील की यातले स्क्रू पुसायला माझी जुनी साडी फाडली होती. तासाभराच्या रेकॉर्डिंगचं लेखन करायला पाच तास लागतात, म्हणून चार मुलाखतींवर थांबा.

तो डबा तसाच ठेवायला सांगा. स्मरणिकेत वस्तूंची चार पानं ठेवाच. वाळकी पानं, काटक्या, मोडक्या टाकाऊ वस्तू यांतून चेहरे उभे करणारे चिंचाळकर गुरुजी याच शहराचे. वस्तूत माणूस दिसतो हे इंदूरकरांना वेगळं समजावायला नको. डबा उघडून पांढऱ्या चादरीवर ठेवा, खिडकीच्या उजेडात, सकाळी दहाच्या आत, फ्लॅश न लावता, बरोबर वरून फोटो घ्या. कपलर, ब्रश, वायशर, आगपेटीत ठेवलेल्या स्प्रिंगा, मामांच्या अक्षरातली चिठ्ठी असेल तर तीही. मांडणी सुबक करायला जाऊ नका. त्यांनी जसं कोंबलं होतं तसंच हवं.

संपादन करताना तीन ठिकाणी हात लागतो. पहिलं, लेखकाचा ‘मी’. अर्ध्या लेखांत मामा तिसऱ्या परिच्छेदात येतात आणि आधीचे दोन लेखकाच्या नोकरीचे असतात. ते सरळ कापा, विचारत बसू नका, पण छापण्याआधी कापलेला लेख दाखवा. दुसरं, अहो-जाहो. थोरली बहीण ‘तो’ लिहिणार, भाचा ‘ते’, जुना मित्र ‘लेकाचा’. सगळं ‘ते’ करून एकसारखं करण्याचा मोह होतो आणि घरातले काहीजण तसा आग्रहही धरतात. करू नका. त्या ‘तो’मध्येच बहीण आहे. इथल्या हिंदी पत्रकारितेतले राहुल बारपुते सगळ्या शहराचे ‘बाबा’ होते, आणि त्या हाकेने त्यांचा मान कुठे उणावला? फक्त एक तळटीप द्या की घरात त्यांना काय म्हणत आणि कॉलेजात काय, म्हणजे वाचणाऱ्याला चार नावांचा एकच माणूस आहे हे कळेल.

तिसरं, हिंदी लेख. कॉलेजचं जे येईल ते बहुतेक हिंदीत असेल. ते भाषांतर न करता तसंच छापा, लिपी एकच आहे आणि इंदूरच्या मराठी माणसाला हिंदी वाचायला अडचण नाही. पुण्याच्या नातलगांसाठी भाषांतर हवंच असेल तर ज्याला दोन्ही भाषा रोज लागतात त्याच्याकडून करून घ्या. ‘सर ने हमें शिक्षा दी’ याचं घाईत ‘सरांनी आम्हाला शिक्षा दिली’ होतं. ‘वे अंत तक चेष्टा करते रहे’, म्हणजे प्रयत्न करत राहिले, याचं मराठीत काय होतं ते सांगायला नको. ‘सारा संसार उन्हें याद करेगा’ मधला संसार मामींच्या स्वयंपाकघरात येऊन बसतो.

छापू नये अशा गोष्टी असतात. दवाखान्यातले शेवटचे दिवस आणि ‘वेळेवर उपचार झाले असते तर’ हे वाक्य. उसने दिलेले पैसे, मग ती दिलदारीची गोष्ट म्हणून का लिहिलेली असेना, कारण घेणारा ओळखू येतो. बढतीवरून झालेले वाद. पण राग, विसराळूपणा, हट्ट हे राहू द्या. परीक्षेच्या दिवशी चष्मा घरी विसरणारा माणूस वाचणाऱ्याला दिसतो, अजातशत्रू दिसत नाही. मामींना संपूर्ण मजकूर मोठ्या अक्षरांत छापून वाचायला द्या, पण निर्णयाचा भार एकट्या त्यांच्यावर टाकू नका. मुलगी किंवा सून दुसरी वाचक हवी. त्या दोघींपैकी एकीने जरी एखाद्या ओळीवर बोट ठेवलं तरी ती ओळ जाते, चर्चा नाही.

जुने फोटो ६०० डीपीआयला स्कॅन करा. पोस्टकार्ड आकाराचा फोटो मग दुप्पट आकारातही स्वच्छ छापतो. चिकट पानांच्या अल्बममध्ये फोटो अडकले असतील तर नखाने उचकटू नका, दात साफ करायचा दोरा फोटोच्या मागून हळूहळू करवतीसारखा ओढा. न निघाल्यास पानासकट स्कॅन करा. प्रत्येक फोटोमागे पेन्सिलीने लिहिलेलं असेल तर तीही बाजू स्कॅन करा. आणि कोण कोण आहे ते आत्ताच विचारून घ्या. मागच्या रांगेतला तिसरा कोण हे सांगू शकणारी माणसं आता दोन-तीनच उरली असतील.

छपाईचं गणित. डेमी १/८ आकार, म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंच, आणि १६ पानांचा एक फर्मा, म्हणजे एकदम छापला जाणारा गठ्ठा. ८० पानं म्हणजे पाच फर्मे. ८१ वं पान झालं की सहावा फर्मा लागतो, म्हणून मजकूर आकड्यात बसवावा लागतो. १६ लेख दोन-दोन पानांचे ३२, चार मुलाखती १८, वस्तू ४, जीवनरेखा २, सुरुवातीची पानं ४, फोटो १६. झाली ७६. उरलेली चार उशिरा येणाऱ्या लेखांसाठी मोकळी ठेवा, ते येतातच, आणि नेमके ज्यांना नाही म्हणता येत नाही त्यांचे येतात. मजकुराचे चार फर्मे ९० जीएसएम (कागदाचं वजन) मॅपलिथोवर, म्हणजे साध्या, न चमकणाऱ्या कागदावर, फोटोंचा एक फर्मा १३० जीएसएम आर्ट पेपरवर. सगळंच आर्ट पेपरवर घेतलं तर स्मरणिका जड होते आणि दिव्याखाली पान चमकून मोठ्या वयाच्या लोकांना वाचता येत नाही. दोनशेच्या आत प्रती हव्या असतील तर डिजिटल, तीनशेच्या पुढे ऑफसेट परवडतं. प्रतींची संख्या माणसांवर नको, घरांवर काढा.

जाहिराती आणि मान्यवरांचे संदेश घेऊ नका असं माझं स्पष्ट मत. पहिली बारा पानं अशा माणसांच्या फोटोंची होतात ज्यांनी मामांना दोनदा पाहिलेलं असतं. पैसे कमी पडले तर पानं कमी करा.

प्रेस इंदूरचा असेल तर टाइपसेटर बहुधा हिंदीचा आणि फाइल कृतिदेव या जुन्या, युनिकोड नसलेल्या हिंदी फाँटमध्ये. युनिकोडमधून कृतिदेवमध्ये जाताना मराठीची ठरावीक अक्षरं बिघडू शकतात: कुठे ‘ळ’चा ‘ल’ होतो, ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ होतं, ‘ॲ’ची मात्रा उडते. प्रेसला आधीच सांगा की काम युनिकोड फाँटमध्येच करायचं. तरीही पहिलं प्रूफ फक्त ‘ळ’ साठी वाचा, अर्थाकडे लक्ष न देता. काळ्यांचे काले आणि टिळकांचे तिलक तिथेच सापडतात. दुसरं प्रूफ आडनावं आणि सालं. तिसरं सलग. एकाच माणसाने तिन्ही वाचू नयेत.

मामांच्या नावाने बक्षीस ठेवायची कल्पना शोकसभेत नक्की निघेल. मंचावरून रक्कम जाहीर होऊ देऊ नका. एक लाखाची मुदत ठेव सहा टक्क्यांनी वर्षाला ६,००० रुपये देते, बक्षीस तेवढंच होऊ शकतं, आणि ठेव कोणाच्या नावाने हे कॉलेजशी लेखी ठरल्यावरच बोलायचं.

छापून आल्यावर दोन प्रती इंदूरच्या महाराष्ट्र साहित्य सभेत द्या, एक कॉलेजच्या ग्रंथालयात नोंदवून घ्या, आणि आवाजाच्या फाइली पेन ड्राइव्हवर देताना मामींच्या टीव्हीला तो चालतो का ते तिथेच लावून बघा. व्हॉट्सॲपच्या ऑपस फाइली बऱ्याच टीव्हींवर वाजत नाहीत, आधी एमपी३ करून घ्याव्या लागतात. आणि मुखपृष्ठाचं प्रूफ हातात आलं की ते मामींना दाखवून मामांचं नाव त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घ्या. सहीतलं, निमंत्रणपत्रिकेतलं आणि बँकेतलं नाव तीन तऱ्हेचं असतं, आणि कोणतं छापायचं हे त्यांनी वाचलं की कळतं.